ओठांवरची वॉर्डसभा

वडगावातल्या आमच्या वॉर्डात नागरिकांनी एकत्र बसून निर्णय घ्यायचा, असं ठरलं तेव्हा मी आधी खुर्च्या बघितल्या. मंचावरच्या खुर्च्यांना पांढरे अभ्रे होते, आमच्या खुर्च्यांना नव्हते. विचारविनिमय कुणी करायचा आणि कुणी ऐकायचा, ते तिथंच कळत होतं.

प्रश्न एकच होता. आलेल्या निधीतून गल्लीच्या तोंडाशी कमान उभारायची, की गटार रुंद करायचं? गटार तुंबलं की पाणी पहिल्यांदा शेजारच्या आक्काच्या घरात शिरतं. तिचा हातमाग खड्ड्याचा. खड्ड्यात पाय सोडून विणायचं. खड्डा भरला की माग बंद आणि अर्धी साडी वाया. पण गटार रुंद करायचं तर समोरच्या यंत्रमागवाल्या अण्णांच्या दारच्या पायऱ्या फोडाव्या लागणार होत्या. कमानीच्या आड कुणाच्याच पायऱ्या येत नव्हत्या.

महापालिकेतून आलेल्या साहेबांनी लोकसहभागाचं महत्त्व आधी कन्नडमध्ये सांगितलं, मग मराठीत. आम्हा सीमाभागातल्यांना दोन्ही भाषा येतात, त्यामुळं ते दोनदा सोसावं लागलं. माझा पाय हलायला लागला. पंखा बघितला, दार बघितलं. भाषण संपेपर्यंत कमान मंजूर होणार, असं वाटू लागलं.

तेवढ्यात भिंतीशी बसलेल्या आक्काचे ओठ हलताना दिसले. मागांच्या खडखडाटात आवाजाचा उपयोग नसतो. आमच्या गल्लीत सगळे लहानपणापासून ओठ वाचतात. अण्णा हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते. साहेबांच्या भाषणाखालून, आवाज न करता, भांडण सुरू झालं.

"पायऱ्या सोन्याच्या हाईत व्हय रं?" आक्का अण्णांहून वयानं थोरली.

"माझ्या आईला घरात कशी चढवू? तू उचलतीस?"

"उचलते की. तुझ्यापरास हलकी हाय."

मागं कुणीतरी हसलं. साहेब थबकले, त्यांच्या वाक्यात विनोद नव्हता.

अण्णांनी मान फिरवली. आमच्याकडं ते फोन ठेवल्यासारखं असतं. मी खुर्चीच्या कडेवर आलो. बऱ्याच वेळानं ते पुन्हा वळले. "गटारावरनं लोखंडी पायऱ्या देत्यात का इचार."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "तू शिकलेला न्हवं? इचार की रं."

मी उठलो. "साहेब, गटार करूया. पण अण्णांच्या दाराला आधी लोखंडी पायऱ्या, फोडाफोडी नंतर."

"अहो, अजून चर्चाच झाली नाही," साहेब म्हणाले. तरी त्यांनी हात वर करायला सांगितलं. सगळे हात एकदम वर गेले. अण्णांचा तेवढा मागाहून, तोही अर्धा. साहेबांना शंका आली असावी. त्यांनी पुन्हा मोजले.

लोखंडी पायऱ्या बसल्या. अण्णांची आई त्या उतरताना प्रत्येक पायरीवर आम्हा सगळ्यांना शिव्या घालते. गटार मात्र निम्मं खणून पडलंय आणि ठेकेदार फोनवर फार नम्रपणे बोलतो. वळीव दोनदा येऊन गेला, पावसाळा तोंडावर आहे.

परवा आक्का मागावर नवा ताणा चढवत होती. मी दारातनं म्हणालो, "आक्का, एवढी घाई कशाला? गटार होऊ दे की."

"सभेत ठरलंय न्हवं?" ती म्हणाली आणि धागे लावत राहिली.

मी गटार खणायचं थांबलंय तिथपर्यंत चालत गेलो. परत आलो. मग पुन्हा गेलो.