निळ्या हातावरच्या खुणा

तिसऱ्या दिवशीही ताप उतरला नव्हता. ऑक्सिजन वाढवूनही आकडा नव्वदच्या वर टिकत नव्हता. मी बेडपासून दारापर्यंत आणि दारापासून बेडपर्यंत नुसता फिरत होतो. पेशंट जयपूरजवळच्या बगरू गावचे रामगोपालजी, साठीचे, कापडावर ठसे छापणारे. नीळ लागून लागून हात कोपरापर्यंत निळे झालेले. न्यूमोनिया.

जयपूरच्या एका खासगी हॉस्पिटलात मी फिजिशियन आहे. तिथला न्यूमोनियाचा फॉर्म मीच बनवलेला. येईल त्याला भारी अँटिबायोटिक दिलं, की जंतू त्यालाही सरावतात. म्हणून ते फक्त 'रिस्क'वाल्यांना द्यायचं. म्हणजे ज्यांच्या छातीत नेहमीच्या औषधांना न जुमानणारे जंतू असू शकतात त्यांना. ते ओळखायचा मुख्य प्रश्न असा होता: गेल्या तीन महिन्यांत अ‍ॅडमिट होऊन शिरेतून अँटिबायोटिक घेतलं का? 'हो' असेल तर भारी औषध सुरू करायचं आणि थुंकी कल्चरला पाठवायची. कल्चर म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून तो कशानं मरतो ते बघणं. 'नाही' असेल तर नेहमीचं औषध.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या मुलाला, महेशला, विचारलं होतं. "कधीच भरती नाही झाले, साहेब," तो म्हणाला. खरं तेच बोलला. मी 'नाही'वर टिक केली.

तेवढ्यात सिस्टर अर्चना आली. वडिलांची रेल्वेतली बदली झाली म्हणून ती इथेच वाढलेली, पण माझ्याशी हट्टानं मराठी बोलायची.

"सर, यांची नस मिळत नाहीये. स्पिरिटनं रंग पुसला तर खाली निशाण आहेत. मतलब, सुईचे. खूप सारे."

"अ‍ॅडमिट नव्हते म्हणतायत."

"तरी एकदा विचारून घ्या ना, सर."

"फॉर्म भरून झालाय, अर्चना. ओपीडीत माणसं ताटकळलीत."

तिसऱ्या दिवशी तो हात मी स्वतः पुसला. मग महेशला बाहेर बोलावलं.

"यांना कुठे सलाइनची बाटली चढवली होती का?"

"ती तर सगळेच चढवतात, साहेब. गावातल्या क्लिनिकात. सकाळी लावायची, दुपारी कामावर. मागच्या महिन्यात दहा दिवस चालली."

"बाटलीत काय घालायचे?"

"ताकदीचं इंजेक्शन."

त्यानं घरी फोन केला. बायकोनं उरलेल्या एका कुपीचा फोटो पाठवला. आम्ही देत होतो तेच अँटिबायोटिक. दहा दिवस त्याचा मारा झेलून जे जंतू वाचले, त्यांना आम्ही पुन्हा तेच देत होतो.

थुंकी पाठवली, औषध बदललं. संध्याकाळी व्हेंटिलेटर लागला. दोन दिवसांनी रिपोर्ट आला: आमच्या पहिल्या औषधापुढे R, म्हणजे रेझिस्टंट. आठव्या दिवशी रामगोपालजी गेले. महेश म्हणाला, "तुम्ही खूप धावपळ केलीत, साहेब."

आधीच औषध बदललं असतं तर वाचले असते का, सांगता येत नाही. हे वाक्य मी पुढे चार वर्षं स्वतःला गोळीसारखं देत आलो.

मृत्यूंचा आढावा घेणाऱ्या मीटिंगमध्ये सुपरिंटेंडेंटनी विचारलं, "हिस्टरी कोणी घेतली?"

"फॉर्म वॉर्डातून भरून आला होता," मी म्हणालो.

"मग नर्सिंगला मेमो द्या."

मेमो अर्चनाला मिळाला. तिनं सही करून तो घेतला. दोन महिन्यांनी नोकरी सोडून मुरलीपुऱ्यातल्या एका नर्सिंग होममध्ये गेली.

या हिवाळ्यात मी तिला तिथे जाऊन भेटलो. टिक माझी होती, हे सांगायला.

"माहीत आहे, सर. आम्ही सिस्टर लोक निळ्या पेननं लिहितो, डॉक्टर काळ्या. टिक काळी होती."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"फॉर्म तर मीटिंगमध्ये सगळ्यांच्या समोरच होता ना."

दुसऱ्या दिवशी मी सुपरिंटेंडेंटना सगळं लिहून दिलं. "ती फाइल कधीच बंद झाली, डॉक्टरसाब," ते म्हणाले. मी म्हटलं, उघडा. तीन वेळा म्हणावं लागलं. अर्चनाचा मेमो रद्द झाला. महेशला भेटायला बगरूला गेलो, त्यालाही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि चहा न विचारता तो आत गेला.

फॉर्म आता बदललाय. कुठेही, एकदाही बाटली किंवा इंजेक्शन घेतलं का, असं विचारतो. त्याखाली एक ओळ आहे: दोन्ही हात पुसून बघितले. तिथे सिस्टरची सही लागते. डॉक्टरची चालत नाही.