आधी खोड सांगणारी वृषाली

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात वृषालीचे वडील बन्सीअण्णा गाईच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे आणि गिऱ्हाईक जवळ आलं की पहिल्यांदा त्या गाईची खोड सांगायचे. "डाव्या अंगानं धार काढाया बसू नका, लाथ मारती. उजव्या अंगानं बसा, मंग नुसती माउली हाय." गिऱ्हाईक दचकून मागं सरायचं. कोणी निघूनही जायचं. शेजारचे व्यापारी कपाळावर हात मारायचे, पण अण्णा तंबाखू मळत शांत. सकाळी बुद्धमूर्तीपुढे बसून पंचशील म्हणायचं, खोटं बोलणार नाही असं तोंडाने कबूल करायचं, आणि दुपारी बाजारात ते विसरायचं, हे त्यांना जमत नव्हतं. लहानगी वृषाली दाव्याला धरून हे सगळं बघत असे. गाय विकली गेली की तिला भेळ मिळायची, नाही विकली गेली तरी मिळायची.

मोठी होऊन ती बी.कॉम. झाली आणि नगरला मनमाड रोडवरच्या एका मोठ्या गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला लागली. पहिल्यांदा तिला वरच्या मजल्यावर बसवलं. तिथे कानाला मशीन लावून लोकांना दिवसभर फोन करायचे. "सर, गाडी घेण्याचा विचार आहे का?" समोरचा शेतात, नाहीतर अंत्यविधीला, नाहीतर जेवणाच्या ताटावर. काही चांगलं बोलायचे, काही तोंड सोडायचे. वृषालीला माणसाचा चेहरा बघून बोलायची सवय. बिनचेहऱ्याच्या आवाजांनी तिचा जीव कोंडला. मॅनेजर योगेश सरांच्या मागे लागून लागून तिने खाली, गाड्यांमध्ये उभं राहण्याची परवानगी मिळवली. सर म्हणाले, "बघ बाई, दिवाळीपर्यंत तुझ्या हातून एक तरी गाडी गेली पाहिजे. नाहीतर वरची खुर्ची आहेच."

देणाऱ्याने तिला हसू भरभरून दिलं होतं. माणसं तिच्याशी बोलायला लागली की अर्ध्या तासात तिची आत्या-मावशी व्हायची. तरी गाडी काही जाईना. कारण कंपनीने नेमकी त्याच सुमारास नवी गाडी आणली होती. गाडी देखणी, बसायला ऐसपैस, पुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी चकचकीत स्क्रीन. पण त्या स्क्रीनला मोबाईल जोडता येत नव्हता. आधीच्या गाड्यांत फोन जोडला की फोनमधला नकाशा, गाणी, मेसेज सगळं समोर हजर व्हायचं. कंपनीने ते बंद केलं. आता नकाशा गाडीचा, गाणी गाडीची, बोलणारी बाईसुद्धा गाडीचीच. फोन आला तर उचलता येईल, तेवढंच.

योगेश सर माणूस वाईट नव्हते. त्यांनाही वरून बोलणी खावी लागत. त्यांनी सगळ्यांना एकत्र करून सांगितलं, "विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर स्क्रीन केवढी मोठी आहे ते सांगायचं."

वृषाली मात्र गिऱ्हाइकाच्या हातात पाण्याचा पेला देतानाच सांगून मोकळी व्हायची, "दादा, या गाडीला फोन जोडता येत नाही बरं का." तरणी पोरं पाणी प्यायची आणि शेजारच्या शोरूममध्ये जायची.

"तू गाडी विकतेस का तिची बदनामी करतेस?" योगेश सर म्हणायचे.

"सर, घरी नेल्यावर कळणारच ना त्यांना."

"घरी नेल्यावर कळू दे की! तेच तर म्हणतोय मी!"

दिवाळी तोंडावर आली. वरच्या मजल्यावरची ती खुर्ची कोणीतरी पुसून ठेवल्याचं वृषालीने जाता-येता पाहिलं. मग योगेश सरांनी तिला बाजूला घेऊन शेवटचं समजावलं, "आज देवळाली प्रवऱ्याचं गिऱ्हाईक येतंय. खताचं दुकान आहे, ऊस आहे, गाडी घ्यायचीच म्हणून निघालेत. एकदा, फक्त एकदा, तोंडाला कुलूप लाव. मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

वृषाली नुसती मान हलवून बाहेर आली. मान हो म्हणून हलवली का नाही म्हणून, ते तिचं तिलाही ठरवता आलं नाही.

गिऱ्हाईक आलं ते चौघं. सूर्यभाननाना पुढे, पांढरी टोपी, कानाला मोबाईल. त्यांच्या मागे मुलगा अंगद, गाडीची सगळी माहिती मोबाईलवर बघून आलेला. सून सृष्टी, हसऱ्या डोळ्यांची. आणि सगळ्यांच्या मागे, काचेच्या दारातून आत यावं का चपला बाहेर काढाव्यात या विचारात थांबलेल्या केशरबाई.

"या काकू, चपला असू द्या."

"असू दे म्हनतीस? लखलखीत केलंय गं सगळं, देवळावानी."

नानांचा फोन चालूच. "युरिया संपला म्हन त्याला. संपला म्हंजी संपला! मी काय खिशात घिऊन हिंडतो का?" एक बंद झाला की दुसरा. अंगद इंजिनाचं विचारत होता, सृष्टी मागच्या सीटवर बसून उड्या मारून बघत होती. केशरबाई पुढचं दार उघडून डॅशबोर्डवरून हात फिरवत होत्या.

"ही काळी पट्टी हिथून तिथवर. मंग देव कुठं बसवायचा?"

अंगद लाजला. "आई, असं काय विचारतेस?"

"अरे, गाडीत देव नको का? नुसता टीव्ही बघत जायचं व्हय?"

वृषाली वाकून खरंच जागा शोधायला लागली. स्क्रीनच्या खाली, वारा येतो त्या जाळीच्या वर, चार बोटांची सपाट जागा सापडली. केशरबाईंनी तिथे हात ठेवून पाहिला, मापाचा गणपती मनातल्या मनात बसवला आणि म्हणाल्या, "बसला."

मग गाडी रस्त्यावर निघाली. अंगद चालवत होता, वृषाली शेजारी, बाकी तिघं मागे. विळदच्या घाटापर्यंत जाऊन आले. गाडी अशी पाण्यावरून चालल्यासारखी चालली की नानांनी एक फोन चक्क कट केला. "लई भारी हाय की रं!" सृष्टीने वरची काच उघडायला लावली, केशरबाईंचा पदर उडाला आणि त्या लहान मुलीसारख्या खिदळल्या. परत येईपर्यंत गाडी त्यांची झालीच होती. रंग कोणता एवढंच राहिलं होतं.

अंगदने खिशातून पाकीट काढलं. "बुकिंग करून टाकू."

फोनचं त्याने विचारलंच नव्हतं. हल्ली फोन जोडता न येणारी गाडी असते हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. काचेच्या केबिनमधून योगेश सर बघत होते. त्यांनी वृषालीला दिसेल असं ओठांवर बोट ठेवलं. वृषालीच्या डोळ्यांपुढे वरची पुसलेली खुर्ची आली. कानाला लावायचं ते मशीन आलं. कोणीच विचारलं नव्हतं, कोणी दोषही दिला नसता. आणि समोर केशरबाई आपल्या देवाला मिळालेल्या जागेकडे बघत उभ्या होत्या.

"दादा, पैसे द्यायच्या आधी एक ऐका," ती म्हणाली. आवाज जरा चढलाच. "हिची एक खोड आहे. हिला मोबाईल जोडता येत नाही. फोन आला तर उचलता येईल. पण तुमच्या मोबाईलमधला नकाशा, तुमची गाणी, तुमचे मेसेज, यातलं काही या स्क्रीनवर येणार नाही. सगळं गाडीचं स्वतःचं. त्यालाही पुढे काही वर्षांनी वेगळे पैसे पडतील."

अंगदचा हात पाकिटावरच राहिला. "काय सांगता? एवढ्या मोठ्या स्क्रीनला?"

"हो."

"आमच्या जुन्या गाडीलासुद्धा जोडता येतो!"

"कंपनीने मुद्दाम काढलंय. ते म्हणतात, आमचंच जास्त चांगलं आहे."

"चांगलं आहे म्हणे! मग काय करायची ही गाडी?"

केबिनमध्ये योगेश सरांनी डोक्याला हात लावून खुर्ची भिंतीकडे फिरवली. अंगदने पाकीट खिशात ठेवलं. वृषालीने मनातल्या मनात वरचा जिना चढायला सुरुवात केली.

"थांब रं जरा," केशरबाई म्हणाल्या. "पोरी, नीट सांग. यांच्या मोबाईलवर मेसेज आला, तर ही गाडी त्यो वाचून दावनार न्हाई?"

"नाही काकू."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं नाही, हळू नाही. वाचणारच नाही."

"ह्यांनी बोट लावलं तरी?"

"बोट लावायला मेसेज स्क्रीनवर यायला हवा ना. तो येणारच नाही."

हे ऐकून सृष्टीच्या तोंडून असं काही हसू फुटलं की तिला गाडीच्या बॉनेटला धरून उभं राहावं लागलं. नाना एकदम छताचे दिवे मोजू लागले. "चला, उशीर हुतोय," ते म्हणाले.

"काही उशीर होत नाही नाना," सृष्टी डोळे पुसत म्हणाली. "ताई, तुम्हाला सांगते. हे सगळे मला बघायला आमच्या पुणतांब्याला आले होते. चहा-पोहे झाले, सगळं छान झालं. निघताना माझे पप्पा म्हणाले, मला राहात्याला काम आहे, तिथवर सोडा. बसले मागे, आईंच्या शेजारी. नानांचा फोन गाडीला जोडलेला. आमचे चुलत सासरे दुसऱ्या गाडीत, त्यांनी तिकडून मेसेज टाकला. नानांना वाटलं दुकानाची ऑर्डर आहे. लावलं बोट!"

"मला काय ठावं..." नाना पुटपुटले.

"आणि गाडीतली ती बाई काय शुद्ध बोलते हो! बातम्या दिल्यासारखी म्हणाली," सृष्टीने ताठ उभं राहून आवाज काढला, "'मुलगी झकास आहे. बाप चिकट दिसतो. चहात साखर नव्हती.'"

शोरूममधली सगळी माणसं वळून बघायला लागली. झाडलोट करणाऱ्या मावशी झाडू टेकून हसत होत्या.

"मला तर धरनीनं पोटात घ्यावं असं झालं," केशरबाई म्हणाल्या. "शेजारी व्याही बसल्यालं. ह्यांनी बंद कराया दुसरं बोट लावलं, तर ती बया परत पहिल्यापासनं वाचाया लागली!"

"मग? पप्पा काय म्हणाले?" वृषाली आपली खुर्ची, जिना, दिवाळी सगळं विसरली होती.

"राहात्यापर्यंत खिडकीतून ऊस बघत बसले. उतरले. दार लावलं. मग काचेतून वाकून नानांना म्हणाले, 'साखर होती पाव्हणं. खाली बसली असंल, ढवळायची राहिली.'"

आता नानाही हसले. टोपी काढून त्यांनी तिनेच तोंड पुसलं. "मानूस लई मोठ्या मनाचा," ते वृषालीला म्हणाले. "सोयरीक मोडली न्हाई त्यानं. पर आजबी घरी गेलं का माझ्या म्होरं साखरेचा डबाच आनून ठिवतो."

"म्हनून सांगते," केशरबाईंनी पदर कमरेला खोचला. "आपल्याला आता धाकटीची सोयरीक बघायचीय. ती जुनी चुगलखोर गाडी घिऊन मी कुनाच्या दारात जायची न्हाई. मला हीच गाडी पायजे."

"आई, अगं गाणी? नकाशा?" अंगद काकुळतीला आला.

"गानी गाडीची वाजतील. नकाशा तिचा तिच्यापाशी हाय. आन् चुकलाच तर तोंड हाय ना, इचारायचं."

"आणि दुकानाचे मेसेज गं?" नाना.

"दुकानात वाचा!"

अंगदने बायकोकडे पाहिलं. सृष्टीने खांदे उडवले. "मी मोबाईल अडकवायचं स्टँड आणून देते तुम्हाला. आईंच्या देवाला धक्का न लावता बसवा म्हणजे झालं."

पाकीट पुन्हा बाहेर आलं. अंगद सही करता करता वृषालीला म्हणाला, "तुम्ही सांगितलं नसतं ना, तर मी पहिल्याच दिवशी इथे येऊन भांडलो असतो. आणि आईला ही गाडी का घ्यायची ते कळलंही नसतं." रंग मात्र केशरबाईंनी ठरवला. पांढरा.

ते गेल्यावर योगेश सर केबिनमधून बाहेर आले. वृषालीपुढे हात बांधून उभे राहिले. "हे कसं झालं, मला कळलेलं नाही," ते म्हणाले. "पण वरच्या खुर्चीवर मी दुसऱ्या कोणालातरी बसवतो."

वृषालीने तिथल्या तिथे अण्णांना फोन लावला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "गिऱ्हाईक कुठलं?" "देवळाली प्रवरा." "बरं. जेवलीस का?" एवढंच म्हणाले, पण मागे बाजाराचा गलका होता आणि फोन ठेवायच्या आधी ते कोणालातरी ओरडून सांगत होते, "माझ्या पोरीनं गाडी इकली! ती, मोठी, काचंच्या दुकानातली!"

गाडी नेली त्या दिवशी केशरबाईंनी चाकांना हळद-कुंकू वाहिलं, पेढे वाटले, झाडणाऱ्या मावशींना आणि योगेश सरांनाही जबरदस्तीने दोन-दोन भरवले. नाना मोबाईल खिशात ठेवून मागे बसले आणि गाडी फाटकातून बाहेर पडायच्या आत गप्पांना लागले होते.

आणि दिवाळी उलटली तशी एका सकाळी शोरूमच्या दारात चार बायका येऊन उभ्या राहिल्या. सोबत एकही गडीमाणूस नाही. देवळाली प्रवऱ्याचं, केशरबाईंचं भजनी मंडळ. सगळ्यांत पुढच्या रंगुबाईंनी योगेश सरांना नुसतं हाताने बाजूला केलं.

"ती घोडेगावची पोरगी कुठंय? तिला म्हनावं, ती गाडी दाव. नवऱ्याचा फोन चालत न्हाई ती."

वृषाली धावतच पुढे आली. "मावशी, थांबा, तसं नाहीये. फोन आला तर उचलता येतो, तेवढं आधी ऐकून..."

"ते आमी बघून घिऊ," रंगुबाई म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. "चावी आन."