कप्तान परत आला का

मी नांदेडची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यातला निम्मा गुन्हा माझ्या गावाचा आहे. नांदेडला आमच्या घरापासून गोदावरी दहा मिनिटांवर आणि अंगणात नळ. पाण्याला रांग लावावी लागते हे मला तेवीस वर्षांची होईपर्यंत ठाऊक नव्हतं. मग लातूरला नोकरी लागली. जिल्हा नवा होऊन दोन-चार वर्षं झाली होती, पण ऑफिसात अजून सगळं लग्नघरासारखं होतं. जुन्या जिल्ह्याहून आलेले फायलींचे गठ्ठे कापडातच बांधलेले, खुर्च्या कमी, माणसं जास्त. त्यात दुष्काळाचं दुसरं वर्ष. मी टँकरच्या मागणीचे अर्ज नोंदवत असे आणि संध्याकाळी घरी येऊन अर्ध्या बादलीत अंघोळ करत असे.

राहायला एक खोली मिळाली होती. घरमालकीण उदगीरकडची, पन्नाशीची, धिप्पाड, आवाज असा की गल्लीच्या त्या टोकाला कुत्रं उठून बसावं. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. तिच्या नवऱ्याचं आडतीचं दुकान होतं, त्यामुळं गल्लीतला एकुलता एक टीव्ही तिच्याच घरात.

रविवारी सकाळी दहाला त्या टीव्हीवर एक हिंदी मालिका लागायची. एक कप्तान यान घेऊन लांबच्या ग्रहावर पाणी शोधायला जातो, आणि जाताना आपल्या दहा वर्षांच्या पोरीला सांगतो, मी परत येईन. बस, एवढंच. पण मी त्या मालिकेपायी वेडी झाले होते. रविवारसाठी मी आठवडा ढकलायचे. ऑफिसात बरोबर काम करणाऱ्या जोडीदारणींना कप्तानाचे संवाद म्हणून दाखवायचे. कुणी 'ते यान पत्र्याचं वाटतं गं' म्हणालं की मला इतका राग यायचा, जणू माझ्या माहेराला नावं ठेवली.

आणि आक्का माझ्याहून दोन पावलं पुढं! तिला हिंदी कळायचं नाही. घरी कानडी आणि मराठी, आणि मालिकेतलं हिंदी तर असलं जड की हिंदीवाल्यांनीसुद्धा कपाळाला हात लावावा. म्हणून मी तिच्या शेजारी बसून सगळं समजावून सांगायचे.

"प्रकाशवर्ष म्हंजे काय गं?"

"उजेडाला चालत जायला एक वर्ष लागतं, आक्का, एवढं अंतर."

"आगं बया! मग परत याला तेवढंच की!" म्हणून ती पदर तोंडाला लावायची. "पोरगी म्हातारी होईल न्हाई का?"

मालिका बनवणाऱ्यांना सुचायच्या आधी तिला हे सुचलं होतं. अशी ती.

शेवटचे तीन भाग राहिले होते आणि माझ्या हातून घाण झाली. टँकर गल्लीच्या तोंडाशी येई. एका सकाळी मी घागर घेऊन गेले तर तिथं चार-पाच घागरी उन्हात उभ्या, माणूस एक नाही. मला वाटलं, विसरून गेलं कुणीतरी. पुढची पितळी घागर मी उचलून बाजूला कठड्यावर ठेवली आणि तिच्या जागी माझी लावली. कामून नाही लावायची? आमच्या नांदेडात रिकाम्या भांड्याला कोण विचारतं!

पण लातुरात घागर म्हणजे माणूस. बाई शेतात असो, बाळंतीण असो, तिची घागर रांगेत असली की ती रांगेत आहे. भांडकुदळातली भांडकुदळ बाईसुद्धा दुसरीच्या घागरीला बोट लावत नाही. आणि मी हलवली ती आक्काची होती. ती पहाटे पाचला येऊन लावून गेली होती.

आक्का आली, घागर बघितली, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता शिव्यांचा पट्टा सुटणार. तो सुटला असता तर बरं झालं असतं. तिनं घागर उचलून एव्हाना लांबलेल्या रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली आणि ती घरी गेली. त्या दिवशी तिच्या वाट्याला पाणी आलंच नाही.

मी माफी मागायला हवी होती. पण माझा स्वभाव! मला कुणी सांगितलं होतं का तुमचा कायदा? मीही तोंड फिरवलं. मग सुरू झालं आमचं भिंतीशी बोलणं. आक्का अंगणात भिंतीला सांगायची, "काही लोकांना शिकून बी अक्कल येत न्हाई." मी खोलीतून माझ्या भिंतीला सांगायचे, "काही लोकांचा मोठेपणा घागरीएवढाच असतो." दोन रविवार मी टीव्हीसमोर गेले नाही. भिंतीतून संवाद ऐकू यायचे आणि मध्येच आक्काचा आवाज, "आता काय म्हनला तो?" सांगणारं कुणी नसायचं. मला आत आनंदही व्हायचा आणि उठून जाऊन सांगावंसंही वाटायचं.

राहिला शेवटचा भाग. कप्तान परत येणार का, हे त्यात कळणार होतं. तो चुकवणं म्हणजे जीवच जायचा. मी ऑफिसातल्या एका जोडीदारणीच्या घरी जायचं ठरवलं. टँकर आठला येतो, पाणी भरायचं, नऊला निघायचं.

आठ वाजले, नऊ वाजले, टँकरचा पत्ता नाही. साडेनऊला सगळ्या बायका घागरी रांगेत ठेवून आक्काच्या घरात शिरल्या. टँकर आला की हॉर्न वाजवतो, तेव्हा पळत येऊ म्हणाल्या. मलाही घागर ठेवून जाता आलं असतं. पण आता मला माझ्याच घागरीची भीती. मी दुसरीची हलवली, तर माझी कुणी का हलवणार नाही? म्हणून मी एकटी उन्हात उभी, पुढं तीस-चाळीस घागरी आणि हंडे.

दहाला आक्काच्या खिडकीतून मालिकेचं संगीत सुरू झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. आणि सव्वादहाला टँकर आला.

ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. पण आत आवाज इतका मोठा लावलेला की कुणाला काही ऐकू गेलं नाही. तो वैतागला. "माणसं कुठं हायत? मला अजून तीन गावं हायत. भरनार कोन?"

तीस पावलांवर ते घर होतं. एक हाक मारली असती तर सगळ्या धावत आल्या असत्या. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि मग माझ्या डोळ्यापुढं आक्का आली, मांडी घालून, पदर तोंडाला लावून, सव्वीस आठवडे वाट बघितलेली. शेवटच्या भागातून माणसाला उठवायचं? वैऱ्याशीसुद्धा कुणी असं करू नये. मी पदर खोचला.

"मी भरते. पाईप द्या इकडं."

पहिली घागर आक्काचीच होती. तिथून सुरू केलं. एकाही भांड्याची जागा हलवली नाही, पाईपच घेऊन पुढं पुढं सरकत गेले. रबरी पाईप अजगरासारखा जड, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि खिडकीतून तुटक तुटक ऐकू येतंय. यान उतरतंय का? दार उघडलं का? एकदा सगळ्या बायका मोठ्यानं "आई गं!" म्हणाल्या आणि माझ्या हातून पाईप सुटून ड्रायव्हरच भिजला. तो हसायला लागला, मीही हसले, पण आतून नुसती जळत होते. माझी घागर शेवटची. ती भरली आणि आत मालिका संपल्याचं संगीत वाजलं.

बायका बाहेर आल्या आणि थबकल्या. भरलेल्या घागरींची रांग, जागच्या जागी. आक्का आपल्या घागरीपाशी जाऊन उभी राहिली. मग माझ्याकडं आली आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा भिंतीशी न बोलता माझ्याशी बोलली.

"हाक का मारली न्हाईस?"

"शेवटचा भाग होता, आक्का," मी म्हणाले. "घागरीचं माझं चुकलं. आता एकच सांगा. कप्तान आला का?"

आक्कानं माझ्या भिजलेल्या साडीकडं बघितलं. "आला की! यान उतरलं, दार उघडलं, कप्तान खाली आला. पोरगी पार म्हातारी झालती. पन तिनं वळखलं बघ. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठिवला."

मागून शेजारीण म्हणाली, "आक्का, पन..."

"तू घागर उचल आदी," आक्का तिच्यावर ओरडली.

मी ओल्या साडीत रस्त्यातच रडले. इतका आनंद मला नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही झाला नव्हता.

सोमवारी ऑफिसात सगळे तोंड पाडून बसलेले. हेडक्लार्क म्हणाले, "असला कसला शेवट! यानानं पृथ्वीला एक फेरी मारली आणि गेलं निघून. पोरगी आकाशाकडं बघत उभी. दार उघडलंच नाही." मी त्यांच्याशी भांडले. तुम्ही नीट बघितलं नाही, तुम्हाला डुलकी लागली असेल, म्हणाले. मग जोडीदारीण म्हणाली, मग चपराशी म्हणाला. माझा आवाज हळूहळू बसला.

संध्याकाळी मी थेट आक्काच्या स्वयंपाकघरात गेले. ती भाकरी थापत होती.

"आक्का, हिंदी नाही कळलं तर नाही कळलं म्हणायचं. तो आलाच नाही म्हणे!"

"दार उघडलं न्हाई, एवढं कळायला हिंदी कशाला लागतंय गं?" आक्का मान वर न करता म्हणाली. "तू सगळ्या गल्लीचं पानी भरून, भिजून, माझ्याकडं बघून राहिली होतीस. तुला कुन्या तोंडानं सांगू, तो आला न्हाई म्हनून?"

तिनं पहिली भाकरी माझ्यापुढं ठेवली. अजूनही त्या मालिकेची आठवण निघाली आणि कुणी शेवट विचारला, तर मी सांगते, आला.