पवित्रानं पास केलेलं तोरण

आमची पवित्रा पत्रं तपासती. कागदाची न्हवं, मोबाईलवर येतात ती. ‘आज सूट, उद्या सूट, परवा संपली’ असली जी पत्रं तुम्ही न वाचता पुसून टाकता, ती लोकांस्नी धाडायच्या आधी माझी सून अक्षर न् अक्षर वाचती. पहिल्यांदा ऐकलं तवा मी म्हटलं, “कुणी वाचत न्हाय ते वाचायचं, ह्याला नोकरी म्हणत्यात व्हय?”

“कुणी वाचलंच तर नीट असायला पाहिजे ना, अव्वा,” ती म्हणाली.

मी बसव्वा, तिची सासू. आमचं मोटार-पंपाचं दुकान हाय, ते माझा लेक मल्लेश बघतो. पवित्रा आधी कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवायची. पोरं मागं-पुढं ‘मॅडम, मॅडम’ करायची. तीन वर्षांमागं मी न्हाणीत पडले, खुब्याचं हाड मोडलं. तिनं क्लास सोडला आणि घरात बसून होईल असं हे काम धरलं. सोड म्हणून तिला कुणी सांगितलं न्हवतं. सोडू नको असंही मी म्हटलं न्हाय, हे खरं.

एक लॅपटॉप आणि तीन जुने मोबाईल, एवढाच तिचा कारखाना. एकच मेल चारी ठिकाणी उघडायचा. प्रत्येक बटण दाबायचं. ‘प्रिय’च्या पुढं माणसाचं नाव येतंय, का नुसतीच मोकळी जागा, ते बघायचं. मग दोनशे गिऱ्हाइकांना धाडायचा, तिथं नीट गेला की उरलेल्या नऊ हजारांना. कंपनी घर सजवायच्या वस्तू विकती, हाफिस राजारामपुरीत. दिवाळीत पवित्राच्या नजरेतनं एक चूक सुटली. पणतीचं बटण दाबलं की चटई उघडायची! धैर्यशील म्हणून तिचा साहेब हाय, त्यानं सांगितलं, “मॅडम, पुन्हा असं झालं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल.” त्या दिवशी ती धड जेवली न्हाय. क्लास गेला, आता हे बी गेलं तर बाईच्या हातात राहिलं काय?

मार्गशीर्षाच्या तोंडावर कंपनीनं भाताच्या लोंब्यांच्या जुड्या विकल्या. घेतलेल्यांना धाडायचा मेल तपासायला आला, ‘दहा मिनिटांत दाराला निसर्गाचं तोरण’. जुडी सोडा, काड्यांची वेणी घाला, सुतळीत गुंफा, दाराला बांधा. नमुन्याच्या जुड्या आमच्याकडं आलत्या. पवित्रा म्हणाली, “अव्वा, मी वाचते, तुम्ही करा. तुम्हाला जमलं की कुणालाही जमेल.”

मला हसूच आलं. माझं माहेर गारगोटीकडचं, सगळा भाताचा मुलूख. दर साली आमच्या दाराला लोंब्यांचं तोरण असायचं आणि चिमण्या त्याच्यावर भांडायच्या. मला काय वाचून दाखवतीस? चहा झाल्यावर बसले आणि दहा मिनिटांत तोरण हातात दिलं. तिनं फोटो काढला, ‘जमलं’ म्हणून लिहिलं आणि मेल पास केला.

चौथ्या दिवशी ती लॅपटॉपसमोरनं हलंना. ताटातली भाकरी तशीच. दोनशे लोकांतनं उत्तरं यायला लागलती. काड्या मोडल्या, दाणे फरशीभर झाले. एकीनं तर केरसुणीसकट फोटो धाडलता.

“नाचता येईना अंगण वाकडं!” मी म्हटलं. “ह्या बायकांनी कधी लोंबी हातात धरली असंल तर शपथ.”

पवित्रानं उरलेल्यातली एक जुडी घेतली आणि मेलात लिहिल्याप्रमाणं वेणी घालायला लागली. काडी कटकन मोडली. दुसरी घेतली, ती पण मोडली.

“अगं ए, कोरडीच काय घेतलीस?” मी खाटेवरनं ओरडले. “पाणी मारून ओल्या फडक्यात ठेव की घटकाभर!”

तिनं माझ्याकडं बघितलं. “तुम्ही तसं केलं होतं?”

“मग? ते काय सांगायला लागतंय व्हय?”

बोलले आणि मग ध्यानात आलं. जुडी हातात आल्या आल्या मी ती मोरीत नेऊन भिजवलती आणि चहापाणी उरकेपर्यंत फडक्यात गुंडाळून ठेवलती. मेलात तसं कुठं होतं? हाताला सवय, हातानं केलं. तोंडाला सांगायचं सुचलंच न्हाय.

तेवढ्यात साहेबाचा फोन आला. पवित्रा उभी राहून बोलत होती. “हो सर. मीच करून बघितलं होतं. चूक माझीच आहे.”

मला असा राग आला म्हणून सांगू! काठी घेतली, गेले आणि तिच्या हातातनं फोन काढून घेतला.

“साहेब, मी हिची सासू बोलती. तोरण मी केलतं. पाणी मी मारलं आणि हिला सांगितलं न्हाय. चूक माझी हाय. माझ्यापायी तिनं क्लास सोडला, आता हे बी माझ्यापायी जायला नको.”

‘चूक माझी’ हे ह्या घरात मी कधी बोलले न्हवते. मल्लेशचे वडील ते न ऐकताच गेले बिचारे.

मग साहेब म्हणाला, “आज्जी, फडक्यात किती वेळ ठेवायचं?”

“अर्धा तास. आणि फडकं पिळून घ्यायचं, न्हायतर बुरशी धरती.”

“मॅडमना सांगा, पाचपर्यंत नवा मेल लिहून द्या. आधी त्या दोनशेंची माफी मागू.”

फोन ठेवला आणि मी पवित्रावर घसरले. “माझं नाव घ्यायला जीभ झडली असती व्हय तुझी?”

“चूक माझीच होती, अव्वा. मी स्क्रीनकडं बघत बसले. तुमच्या हाताकडं बघायला पाहिजे होतं.”

मग शेवटची जुडी तिनं माझ्या मांडीवर ठेवली. खुर्ची लॅपटॉपकडं पाठ करून ओढली, वही उघडली. “आता करा. सावकाश.” इतक्या वर्षांत मी काय काय केलं ह्या घरात, असं समोर बसून कुणी बघितलं न्हवतं. मी पाण्याचा तांब्या मागितला.

संध्याकाळी मेलात नुसतं ‘पाणी शिंपडून अर्धा तास ओल्या फडक्यात ठेवा’ एवढंच गेलं, माझं नाव न्हवतं. पण वही तिनं माझ्या उशालाच विसरली. मी चष्मा लावून वाचली. पहिल्या ओळीत लिहिलंय, ‘अव्वा आधी पाणी मारतात.’