राखणदाराच्या मापाच्या वहाणा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. बघा, सुरुवात केली नाही तोवर तुम्ही दात काढताय! असू दे. पण एक लक्षात ठेवा, ही गोष्ट आजवर दोनच माणसांना ठाऊक आहे. एक मी आणि दुसरा हळर्णचा धाकू आजो. माझ्या मावशीच्या कानावर गेली तर तुमच्यापैकीच कोणीतरी सांगितलं असं समजेन आणि पुन्हा कोणाला चहा पाजणार नाही.

मी मूळचा डिचोलीचा. तीन वर्षांपूर्वी पणजीत नोकरी लागली, भाड्याची खोली मिळाली आणि मी शहरी झालो. शहरी म्हणजे कसा? तर डिचोलीत जी वस्तू दाराआड धूळ खात पडलेली असते, ती मला पणजीत गेल्यावर 'सापडायला' लागली.

त्यासाठी मी इन्स्टाग्रामवर पेजच काढलं, 'सापडलं रे!' कपडे, खाणं, भटकंती, सगळं त्यात. फोंड्याच्या बाजारात मला नारळाच्या करवंटीची डवली सापडली. तिच्यावर मी मिनिटभराचं रील केलं, पर्यावरण वगैरे बोललो, आवाजही जरा घोगरा काढला. संध्याकाळी थेट स्वयंपाकघरातून आईचा फोन.

"सर्वेशा, तसल्यो तीन आमच्या रांदचेकुडींत लटकतात मरे! पैशे कित्याक घातलेस?"

पहाटे सायकलवरून भोंगा वाजवत पाव घेऊन येणारा पोदेर असतो ना, त्याच्या पोळी नावाच्या पावाला मी 'हातानं घडवलेला कोंड्याचा ब्रेड' म्हटलं. दुसऱ्या दिवशी पोदेर सायकल थांबवून मला म्हणाला, "बाबा, तुका बरें ना?"

एवढं करून फॉलोअर किती? चारशे अकरा. त्यातले निम्मे नातेवाईक, आणि उरलेल्यांतले बरेचसे केस वाढवायचं तेल विकणारे. एक तरी रील चालावं म्हणून मी अक्षरशः झुरत होतो. हसू नका, माणूस झुरतो.

आता माझ्या पायांविषयी सांगायला हवं. बारा नंबर! उंची सहा फूट एक इंच, पण पाय त्याहून मोठ्या माणसाचे. पणजीत एका दुकानात सेल्समननं सगळं कपाट उपसलं आणि शेवटी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "सर, बूट नाहीत. खोका घालून बघता?" स्टाइलवर पेज चालवणारा माणूस, आणि जन्मभर पायांत तीच एक काळी रबरी चप्पल. माझ्या सगळ्या फोटोंत मी कमरेपासून वर का असतो, ते आता कळलं?

तर पेडणे तालुक्यातल्या हळर्णच्या कोटावर, म्हणजे तिथल्या जुन्या किल्ल्यावर, रील करायचं म्हणून एका शनिवारी स्कूटर काढली आणि तिथल्या मावशीकडे गेलो. मावशीला कोण आनंद! काकांचं, म्हणजे तिच्या यजमानांचं, दोन महिन्यांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. काका आता अंगणात चालत होते, मिरच्यांवरून भांडत होते. जेवताना मावशी म्हणाली,

"पुता, फाल्यां बारांक राखणदाराक मान दिवचो आसा. काकांक बरे करून घरा हाड म्हणून आंगवण केल्ली मी. खंय वचू नाका, न्हाऊन तयार राव."

फाल्यां म्हणजे उद्या, आंगवण म्हणजे नवस. राखणदार म्हणजे वेशीवर राहून गावाची राखण करणारा. एवढं मलाही कळतं. पण मी तेव्हा कोटाच्या फोटोंत कोणाला किती लाइक मिळाल्या ते मोजत होतो. म्हणालो, "हो हो मावशी."

सकाळी उठून बाहेरच्या सोप्यावर आलो आणि जागीच थांबलो.

केळीच्या पानावर वहाणांचा एक नवा कोरा जोड! हातानं शिवलेल्या. तीन बोटं जाड तळ, वर लाल गोंडा, नव्या चामड्याचा तो वास. बाजूला घडी घातलेली काळी कांबळ आणि तेल लावलेला एक दांडा. आणि माप? अहो, माप! मी हळूच उजवा पाय सरकवला. सरळ आत गेला आणि पुढं बोटभर जागा उरली. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या पादत्राणात मला जागा उरली! डोळ्यांत पाणी आलं हो.

मागच्याच आठवड्यात माझा वाढदिवस झाला होता. ह्या मापाचा माणूस सबंध पेडणे तालुक्यात दुसरा नाही, हे मावशीला माहीत. म्हणजे भेट कोणासाठी? उघडच आहे ना! वहाणांवर झेंडूचं एक फूलसुद्धा ठेवलेलं होतं. मला वाटलं, पॅकिंग. मनात म्हटलं, मावशीला सौंदर्यदृष्टी आहे.

मावशी विहिरीवर होती, काका आत गोळ्या घेत होते. म्हटलं, आधी घालून मिरवून येतो, मग पाया पडतो. वहाणा पायांत, कांबळ खांद्यावर, दांडा हातात, निघालो कोटावर. करकर, करकर, करकर! काय तो आवाज!

वाटेत गवताचे भारे घेऊन दोन बायका समोरून येत होत्या. मला बघितलं मात्र, भारे टाकले, पाठ फिरवली आणि डोक्यावर पदर घेऊन हात जोडून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, अरे वा, पेज हळर्णापर्यंत पोचलं! लाजताहेत बिचाऱ्या. मोठ्या मनानं म्हणालो, "फोटो हवा तर काढा हां!" त्या भारे तिथंच टाकून पळाल्या.

कोटाच्या तटावर फोन टेकवला आणि चित्रीकरण सुरू केलं. चालत आलो. चालत गेलो. नदीकडे बघून विचारात पडलो. खाली फक्त पायांचं असं सावकाश एक दृश्य घेतलं, बारा नंबरचा सगळा सूड त्यात उगवला. एवढ्यात पायवाटेनं एक म्हातारा वर आला. कमरेला पंचा, हातात केळ्यांची फणी. हाच धाकू आजो. मावशीच्या शेजारचा, पण तेव्हा मी त्याला ओळखत नव्हतो.

त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग चपला काढल्या, केळी माझ्या पुढ्यात ठेवली आणि हात जोडून खणखणीत आवाजात सुरू झाला.

"बा राखणदारा, म्हाराजा! आज ह्या कोटार तुझ्या पायांकडे उबो रावलां. भाव माझो नव वर्सां माझ्याकडे उलयना, म्हाराजा! वयच्या शेमेर फणस आसा. तो म्हणता माझो, मी म्हणतां माझो..."

शिवेवरच्या एका फणसावरून भावाभावांत नऊ वर्षांचा अबोला! मला काय वाटलं असेल? लोककला! गाऱ्हाणं घालणारा अस्सल कलाकार, तोही फुकट! मी घाईघाईनं फोन त्याच्याकडे वळवला. आणि गाऱ्हाण्याला मध्ये मध्ये काय म्हणायचं असतं ते जत्रेत ऐकलेलं होतंच.

"होय म्हाराजा!" मी दांडा आपटून ओरडलो.

"मगे, भावाकडे वचून उलवू?"

"उलव, उलव!"

"फणस अर्दो अर्दो?"

"एकदम अर्दो अर्दो!" मी म्हणालो. रीलचा शेवट गोड हवा ना.

आजोबानं जमिनीला डोकं टेकवलं आणि तरातरा उतरून गेला. मी दोन केळी खाल्ली, एक सोलताना कॅमेऱ्याला दाखवलं, आणि तिथंच तटावर बसून रील चढवलं. नाव दिलं, 'हळर्णला सापडलेला खजिना'.

आणि काय सांगू, चाललं! पाच मिनिटांत आकडा माझ्या सगळ्या जुन्या रीलांच्या पुढं गेला. 'वहाणा कुठं मिळतील?' 'दादा, लूक कडक!' ओळख ना पाळख, लोक बदाम पाठवत होते. मी तासभर नुसता आकडा बघत बसलो.

बाराच्या सुमाराला तरंगत तरंगत मावशीच्या घरामागं आलो, तर अंगणात ही गर्दी! वाटलं, माझं अभिनंदन करायला जमले. पण आतून मावशीचा रडका आवाज आला, म्हणून लाकडांच्या खोपीआड थांबलो.

"हांगाच सोप्यार दवरिल्ल्यो! राखणदाराच्यो व्हाणो, कांबळ, दांडो. न्हाऊन येता सर ना जाल्यो!"

मी खाली माझ्या पायांकडे बघितलं. राखणदार रोज गावभर फिरतो, वहाणा झिजतात, म्हणून नवसाला नवा जोड देतात. आमच्या डिचोलीच्या वाड्यावर नुसता रोट आणि केळी ठेवतात हो! लहानपणी इथल्या राखणदाराच्या जाग्यावर जुन्या वहाणांचा ढीग बघितला होता, पण मला वाटायचं, लोक बाहेर काढतात आणि विसरून जातात.

एक वयस्क गावकर म्हणाले, "कोण चोरून व्हरतलो? त्या मापाचो मनीस खंय आसा?"

मी खोपीआड पाय जमतील तेवढे लहान केले.

तेवढ्यात धाकू आजो पुढं झाला. बरोबर त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा म्हातारा, दोघांचे हात हातात.

"मी ह्या दोळ्यांनी पळयलो! कोटार! कांबळ, दांडो, व्हाणो करकर करकर! माका म्हणालो, भावाकडे उलव. पळयात, उलयलों!"

गवतवाल्या बायका ओरडल्या, "आमीं लेगीत पळयलो! ताडमाड उंच!"

सगळं अंगण हात जोडून उभं राहिलं. आणि मावशी... मावशी रडता रडता हसायला लागली. "अगो बाये, तेणें आपणे येवन व्हरल्यो! माझी आंगवण पावली!" काकांच्या छातीवर हात ठेवून ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. मला इतकी लाज वाटली की त्या लाकडांत घुसून सरपण व्हावंसं वाटलं.

पुढं होऊन खरं सांगायचं? मग तिच्या त्या तोंडाकडे बघायचं कसं? आणि गप्प राहायचं तर ते रील होतंच की, पायांच्या दृश्यासकट! अंगणातली एक मुलगी फोन काढतही होती. मी खिशातून माझा काढला. आकडा अजून चढतच होता. त्याच क्षणी एका कंपनीचा निरोप आला, 'आमच्यासोबत काम कराल का?' तीन वर्षं वाट बघितलेला निरोप! मी डोळे मिटले आणि रील पुसून टाकलं. खरं सांगतो, दाढ काढताना एवढं दुखलं नव्हतं.

सगळं सामान लाकडांत कोंबून अनवाणी पुढं आलो. मावशीनं बघितलं मात्र,

"खंय मेल्लो रे तू? राखणदार घरा येवन गेलो आनी तू न्हिदून!"

"हो मावशी," मी म्हणालो.

तेवढ्यात धाकू आजोनं माझा दंड धरून मला विहिरीपाशी नेलं आणि माझ्या पायांकडे बघितलं. मीही बघितलं. नव्या चामड्याचा रंग सुटून दोन्ही पावलांवर लालभडक पट्टे उठले होते.

"खंय आसात?" त्यानं हळूच विचारलं.

"लाकडांत."

"बरें. मी फुडें वतां. तू मावशीक सावकाश हाड."

केळीच्या पानांत सामान गुंडाळून, 'झाडून काढटां' म्हणत आजो पुढं गेला. आम्ही सगळे रोट, केळी घेऊन मागोमाग राखणदाराच्या जाग्यावर पोचलो, तर तिथं वहाणा मांडलेल्या, शेजारी कांबळ आणि दांडा. तळाला कोटावरची ताजी माती. बघताच मावशीनं लोटांगण घातलं. "पळयात, चलून आयलो! एका दिसांत कितलो चल्ला तो!" काका डोळे पुसत होते. मी पण पुसले, वेगळ्या कारणानं.

परतताना मी आजोला गाठलं.

"आजो, तुम्हाला कोटावरच कळलं होतं?"

"माका मोतीबिंदू आसा, पिशें न्हय. राखणदार फोनार आपल्या पायांचे फोटो काडिना."

"मग ते गाऱ्हाणं?"

"नव वर्सां तोंड कशें उगडचें म्हणून वाट पळयतालो. आपणे गेलों तर भाव म्हणतलो, धाकू हरलो. देवान सांगलें म्हणटकच कोण हरता?"

मला जरा बरं वाटलं. एवढं मोठं काम देवाच्या नावानं माझ्या हातून झालं, माझ्यात काहीतरी दिसलं असणार म्हाताऱ्याला! छाती किंचित पुढं काढून विचारलं, "पण आजो, माझीच निवड का केलीत?"

आजो थांबला. माझ्याकडे खूप मायेनं बघितलं.

"निवड कसली रे पुता? तसल्यो व्हाणो घालून भर उन्हांत कोटार बसपाइतलो पिसो नव वर्सां सोदतालो. तू पयलोच मेळ्ळो."