कागदावरचा निळा अंगठा

“कर्ज घ्यायला तुम्ही लोक पुढं. फेडायचं म्हटलं की पसार.”

बँकेतले साहेब हे मोठ्यानं बोलले. मागं रांग होती. रांगेत माझ्या अंगणवाडीतल्या पोरांचे बाप होते. साहेबांनी माझी फाईल पेन्सिलीच्या टोकानं माझ्याकडं ढकलली. हात लावला नाही. “तुम्ही लोक” म्हणजे कोण, हे आमच्या सास्तूरच्या बौद्धवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

फाईल लेकीच्या शिक्षणकर्जाची होती. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता. आणि साहेबांचा संगणक सांगत होता, की मी मोटारसायकलसाठी कर्ज काढून बुडवलंय. मला साधी सायकल येत नाही.

चूक माझीही होती. दोन वर्षांमागं वस्तीत एक गोडबोल्या आला. बायांना फुकट शिलाई मशीन देतो म्हणाला. आम्ही आधारची झेरॉक्स, पॅनकार्ड, फोटो, सगळं दिलं. फुकट म्हटल्यावर अक्कल गहाण पडली. मशीन आली नाही, तो माणूसही पुन्हा दिसला नाही.

त्याच कागदांवर मोटारसायकलचं कर्ज देणाऱ्या कंपनीचं ऑफिस उमरग्याला. कंपनी म्हणे, पोलिसांचा कागद आणा. पोलीस म्हणे, कंपनीचा आणा. चपला झिजल्या. चौथ्या खेपेला कंपनीचा कारकून वैतागला.

“ताई, थोडेफार भरा. मिटवून टाकू. पोरीचं ॲडमिशन मोठं का हे मोठं?”

ॲडमिशनची मुदत दोन दिवसांवर आली होती. खरं सांगते, मी पर्स उघडली. मग म्हणाले, “कशाचे भरायचे, तो कागद तरी दावा.”

त्यानं फाईल काढली. माझा फोटो. माझं नाव. नावाखाली निळ्या शाईचा अंगठा.

“ह्यो कुणाचा?”

“तुमचाच की. तिकडल्या बाया अंगठाच देतात.”

माझं डोकं फिरलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मदतीच्या पत्र्यांसाठी माझा बाप असाच एका टेबलापुढं उभा होता. तिथल्या माणसानं त्याचं मनगट धरलं, अंगठा शाईत दाबला आणि “अंगठाछाप” म्हणून हसला. मी बापाचं धोतर धरून उभी होते. घरी आल्यावर बापानं माझ्यापुढं पाटी ठेवली. म्हणाला, “कागदाला अंगठा लावायचा न्हाय. कवाच न्हाय.”

मी कधीच लावला नाही. गोडबोल्याला दिलेल्या आधारच्या झेरॉक्सवरसुद्धा मी सही केली होती. ती झेरॉक्स त्याच फाईलमध्ये होती, पुढच्याच पानावर. इतक्या दिवसांत कुणी पान उलटलं नव्हतं. आमच्या बाबतीत तशी गरजच वाटली नव्हती त्यांना.

मी पर्स बंद केली.

“म्या एक रुपया भरणार न्हाय. मला मिटवायचं न्हाय. ह्या बाईनं कर्ज घेतलंच न्हाय, असं लिहून पायजे.”

तक्रार तिथंच बसून लिहिली. खाली पूर्ण नावाची सही केली. माझ्या प्रतीवर शिक्का पडेपर्यंत खुर्ची सोडली नाही.

लेकीची मुदत गेली. तिची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ती खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “आई, आता तू मागं सरू नगंस.”

अजून त्यांच्या दप्तरी मी कर्जबुडवीच आहे. कंपनीत गेले की अजून “पुढच्या आठवड्यात या” ऐकते. जाते. पुन्हा जाते. तो कागद मी आणणारच. आणि आणला, की रांग भरलेली असताना त्याच बँकेत जाणार. साहेबांच्या हातात देणार आणि म्हणणार, वाचा. त्या दिवशी बोललात तेवढ्याच मोठ्यानं वाचा.