मामा कंपनीला शिव्या देतात

उभ्या नगर जिल्ह्यात कंपनीला आमच्या मामांइतक्या मनापासून शिव्या देणारा माणूस झाला नाही, आणि पुढे होईल असं मला वाटत नाही. हे मामा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. प्रवरेकाठच्या एका कंपनीच्या साखर कारखान्यात ते गव्हाणीवर मुकादम होते. गव्हाण म्हणजे गाड्यांतून आलेला ऊस जिथून कारखान्याच्या पोटात जातो ती जागा. त्याच कारखान्याच्या हपिसात मी कारकून होतो आणि चाळीत त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो, त्यामुळे सकाळच्या भोंग्याआधी मला मामांचाच आवाज ऐकू येई. भोंग्यावर त्यांचा पहिला राग. "कोंबडं आरवलं तर मानूस कूस बदलून निजतो, ह्या रेड्याला काय सांगायचं?" असं म्हणत ते उठत, आणि भोंगा वाजायच्या आत तोंड धुऊन, पटका बांधून दारात उभे असत. एकदा काही बिघाड होऊन भोंगा वाजलाच नाही, तर दिवसभर त्यांचं डोकं दुखत होतं. त्याबद्दलही त्यांनी कंपनीलाच बोल लावला.

लढाईच्या दिवसांत साखरेवर कंट्रोल आला. आमच्या डोळ्यांदेखत पोत्यांच्या थप्प्या लागत आणि आम्ही मात्र गुळाचा चहा पीत बसत असू. मामांना आयतंच कोलीत सापडलं. घरी पाहुणा आला की ते आत्याला मुद्दाम मोठ्यानं सांगत, "गुळाचाच कर गं, आमी साखर कारखान्यातली मानसं हाय!" नळाचं कोमट पाणी, दवाखान्यातलं लाल औषध, साहेबाच्या बंगल्यावरची हिरवळ, खोलीचं बुटकं दार, या सगळ्यांची रोज एकेकदा तरी पूजा बांधली जाई. दारात डोकं आपटलं की "कंपनीनं बुटक्या मानसांकडून नकाशा काढून घेतलाय" हे ठरलेलं वाक्य. ते लाल औषध मात्र ते स्वतः बाटली घेऊन आणायला जात आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंसमोर पटका सारखा करून अदबीनं उभे राहत. त्या बाई मिशनच्या इस्पितळात शिकून आलेल्या होत्या आणि चाळीतली निम्मी पोरं त्यांच्या हातांवर जगात आली होती.

शिव्या देण्याचा हा मक्ता अर्थातच फक्त मामांचा होता. एकदा आम्ही दोघं कोल्हारच्या बाजारात धोतर घ्यायला गेलो. कापड मोजता मोजता दुकानदार सहज म्हणाला, "मुकादम, तुमच्या कंपनीच्या मळीचा लई वास येतो बुवा." मामांनी हातातलं टोक सोडून दिलं. "वास येतोय म्हून बाजारात गिऱ्हाईक येतंय. आमचं धुराडं बंद पडू दे, मग बस माश्या मारत!" धोतर तसंच गजाला लटकत राहिलं आणि आम्ही भर उन्हात परत निघालो. धुराडं दिसायला लागलं, वाऱ्यावर मळीचा दर्प आला, तसं मामांनी नाकाला पटक्याचं टोक लावलं आणि कारखाना येईपर्यंत कंपनीचा उद्धार केला. मी हसलो तर माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

या सगळ्यापेक्षा त्यांना खरा डाचत होता तो एक नियम. गाळप संपलं, शेवटची गाडी हारतुरे घालून गव्हाणीवर रिकामी झाली, की हंगामी माणसांनी खोल्या सोडायच्या, आणि मामा हंगामीच. मामा म्हणत, "पुढल्या साली हितं पाऊल ठेवलं तर नाव बदलून ठेवा," आणि ट्रंका, भांडी, आत्या, शेळी असा संसार बैलगाडीत घालून पाथर्डीकडच्या आपल्या कोरड्या गावाला निघून जात. दसऱ्याला बॉयलर पेटायचा. पण त्याच्या कितीतरी आधी मामा संसारासकट फाटकाबाहेरच्या बाभळीखाली येऊन बसलेले असत. पहारेकरी म्हणे, "मुकादम, अजून सगळं थंड हाय." मामा म्हणत, "मी कुटं कामाला आलोय? हिकडून चाललो हुतो, बैल दमलं."

देश स्वतंत्र झाला आणि गोरा साहेब जाऊन पहिल्यांदाच आपल्यातला साहेब आला. त्याच हंगामाच्या अखेरीस मामांची एकुलती एक लेक बाळंतपणाला आली. आदल्या पावसाळ्यात तिचं पहिलं लेकरू गावाकडे जन्मतानाच गेलं होतं. वाटा चिखलानं बंद होत्या, सुईण वेळेवर पोचली नव्हती. तेव्हापासून पोर हसायची विसरली होती. आता तिला सातवा सरत आला होता, बाळंतपण ऐन पावसाळ्यात येणार होतं आणि इकडे खोल्या सोडायची दवंडीही झाली. इथे नर्सबाई होत्या, तिथे पुन्हा तोच चिखल. आत्या म्हणाली, "अवं, नव्या सायबाला एक डाव इचारा की." मामा शेळीला पाला टाकायला उठले. जन्मभर कंपनीला शिव्या दिल्या, पण कंपनीकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आणि मागायला त्यांची जीभ वळतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबानं सगळ्यांना हपिसापुढच्या लिंबाखाली बोलावलं. म्हणाला, "कंपनीत तुम्हाला काय आवडतं, काय नावडतं, ते मोकळेपणानं सांगा. कोणाचं नुकसान होणार नाही." मग मागून कोणीतरी मामांना पुढे ढकललं, कारण त्यांचा त्या विषयातला अभ्यास सर्वमान्य होता. मामा सुटले. भोंगा झाला, नळ झाला, बुटकं दार झालं; गाडीवानांना उन्हात ताटकळावं लागतं ते झालं. दुसऱ्यांची गाऱ्हाणी त्यांनी अशी मांडली की माणसं मान डोलावू लागली. घरातल्या पोरीचा मात्र उल्लेख नाही. आत्या बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिनं कपाळाला हात लावला.

साहेब म्हणाला, "हे झालं नावडतं. आता आवडतं काय ते सांगा."

मामांना हे कोणी कधी विचारलंच नव्हतं. ते बावचळले. पटका काढून हातात घेतला. म्हणाले, "आवडतं म्हंजे... पहिली मोळी गव्हाणीत पडती तवा पायाखालची जिमीन हालती, ते लई ग्वाड वाटतं. गावाकडं आमी आभाळाकडं बघत बसतो. हितं रोजच्याला काम हाय, चार जातीची मानसं एका नळावर येत्यात. नर्सबाई हाय. बाई हाय म्हून लेकरं जगत्यात." त्यांनी चाळीकडे हात केला. "माजी पोर घरात हाय सायेब. पहिलं लेकरू गावाकडं गेलं तिचं. आन तुमी म्हंता, जावा. मला न्हाई आवडत जायला. कंदीच आवडलं न्हाई."

मला तर रडूच आलं. साहेब खुर्चीवरून उठून मामांपाशी आला आणि म्हणाला, "मुकादम, नाही जायचं. ज्याच्या घरात आजारपण, बाळंतपण असेल त्यांनी कोणीच खोली सोडायची नाही. तुमच्या लेकीचं लेकरू इथंच होईल."

तसंच झालं. भर आषाढात नर्सबाईंच्या हातून मुलगी झाली, ठणठणीत. बातमी ऐकून मी संध्याकाळी पाळणा बघायला गेलो, तर बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत पत्रे धो धो गळत होते. इतक्या वर्षांत मामा पावसाळ्यात इथे कधी राहिलेच नव्हते, त्यामुळे हे त्यांच्याही गावी नव्हतं. कोपऱ्यात बाळंतीण पोर आपल्या बापाकडे बघून तोंडावर पदर धरून हसत होती. मामा पाळण्यावर गोणपाट धरून उभे होते, पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि नात जागी होऊ नये म्हणून ते कंपनीला अगदी हळू, कुजबुजत्या आवाजात शिव्या देत होते.